पाच-वीस चौदा: टायरवर न छापलेला आकडा

आजचा एपिसोड गाड्यांचा आहे, पण इंजिनाचा नाही, रंगाचा नाही आणि ऑक्शनमध्ये कुठली गाडी किती कोटींना गेली त्याचाही नाही. आज फक्त टायरच्या कडेवर छापलेले आकडे. कंटाळवाणं वाटतंय ना? मलाही वाटायचं. मग एका दिवशी माझ्यामुळे आमचं गाव सोळा किलोमीटर लांब गेलं.

झालं असं. आमच्या मामांकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडीच्या कप्प्यात एक वही असते. पेट्रोल किती भरलं, कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, सगळं तारखेसकट. डोंबिवलीहून चिपळूणच्या बाजूला आमचं गाव, आणि त्या वहीत हे अंतर वर्षानुवर्षं २३५च्या आसपास आहे. एखादं वळण, एखादा चहा, इकडेतिकडे दोन-तीन किलोमीटर. गेल्या गणपतीला आम्ही गाडी अंगणात लावली, मामांनी चष्मा चढवून मीटर वाचला आणि माझ्याकडे बघितलं. २५१.

"अरे, रस्ता रुंद केला म्हणून गाव लांब जातं का?"

मी म्हटलं, मीटर बिघडला असेल. मामा काही बोलले नाहीत. पण वाटेत पेणच्या पुढे एका स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासला होता, तेव्हाही ते म्हणाले होते, "गाडी बसल्यासारखी वाटतेय रे." तीस-पस्तीस वर्षं एकच गाडी चालवलेला माणूस आहे. त्यांच्या बुडाला जे कळतं ते माझ्या लॅपटॉपला कळलं नव्हतं. कारण निघायच्या पंधरा दिवस आधी गाडीला चार नवे टायर लागले होते, आणि ते मी निवडले होते. म्हणजे मी लिहिलेल्या कोडने निवडले होते.

आता जरा मोबाइल पॉझ करू नका, पण पार्किंगमधल्या कुठल्याही गाडीचा टायर आठवा. त्यावर १६५/८० आर १४ असं काहीतरी असतं. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या कडेची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आमच्या टीममध्ये कोणी असं फील्ड बनवलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची खैर नव्हती.

पद्मिनीचा मूळ टायर मात्र ५.२०-१४. गॅरेजच्या भाषेत पाच-वीस चौदा. इथे ५.२० म्हणजे रुंदी, इंचांत, आणि १४ ही रिम, तीही इंचांत. संपलं. टक्के कुठे आहेत? नाहीतच. मी स्क्रिप्ट लिहिताना वाचलं होतं की ज्या टायरवर टक्के छापलेले नसतात तिथे साधारण ८० धरायचे. म्हणून मी एक ओळ टाकली: प्रोफाइल नसेल तर ८०. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर, त्याचे ८० टक्के सुमारे १०६, वर-खाली धरून दुप्पट, त्यात १४ इंची रिम मिळवली की चाकाची पूर्ण उंची ५६७ मिलिमीटर. मग स्क्रिप्टने बाजारात सहज मिळणाऱ्या साइझमध्ये शोधलं आणि अगदी जवळचं उत्तर दिलं: १६५/६५ आर १४, उंची ५७०. फरक फक्त तीन मिलिमीटरचा! मी खूश. मामांना म्हटलं, हे घ्या, परफेक्ट मॅच.

खऱ्या पाच-वीस चौदाची उंची ५६७ नाही. ती ६१० मिलिमीटरच्या आसपास असते. त्या काळातला तो टायर जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असायचा. म्हणजे ८० टक्के नाही, ९५च्या वरच. माझा डिफॉल्ट चुकला, आणि तो का चुकला हे शोधताना मी सव्वाशे वर्षं मागे गेलो.

सुरुवात करू हवा भरलेल्या टायरपासून. १८८८मध्ये बेलफास्टला डनलॉपने तो सायकलसाठी बनवला. १८९५च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी तो मोटारीला लावला, आणि वाटेत पंक्चर काढता काढता त्यांचा जीव गेला असेल. ते सोडा. आपल्या कामाचा प्रश्न असा की त्या वेळी टायरच्या मापाला नाव कसं द्यायचे? तर बाहेरून मोजून. पूर्ण उंची गुणिले जाडी.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फोर्ड मॉडेल टी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या मॉडेल टीला पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन असे टायर होते. वाचताना वाटतं पुढची-मागची रिम सारखीच असणार, दोन्हीकडे ३० आहेच की. पण वजाबाकी करा. पुढे ३० वजा ३ वजा ३, म्हणजे २४ इंची रिम. मागे ३० वजा साडेतीन वजा साडेतीन, म्हणजे २३. पुढचा टायर मागे बसत नाही! आता २३ची रिम आहे म्हटल्यावर तिच्यावर ३१ बाय ४ सुद्धा बसतो, कारण ३१ वजा ८ पुन्हा २३. त्या काळी लोक खराब रस्त्यांसाठी असा एक नंबर मोठा टायर मुद्दाम घालायचे, त्याला ओव्हरसाइझ म्हणत. म्हणजे आज जर कोणी जुन्या गाडीवरचा टायर वाचून तसाच नवा मागवला, तर तो कंपनीने दिलेला असेलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मालकाची हौससुद्धा असू शकते.

त्या पद्धतीत रिमचा आकडा टायरवर नव्हताच, तो वजाबाकी करून काढायचा. प्रत्येक दुकानदाराला ती येत होती म्हणून लिहायची गरज नव्हती.

१९२३मध्ये फायरस्टोनने बलून टायर आणला. जाड, मऊ, कमी हवेवर चालणारा. आधीचे टायर दगडासारखे फुगवायला लागायचे, आणि मग बसणाऱ्याच्या मणक्यांचं काय होत असेल ते कल्पनेनेच समजून घ्या. बलून टायरने प्रवास सुखाचा झाला, पण वजाबाकीचं गणित मोडलं. मॉडेल टीच्या शेवटच्या वर्षांतला बलून टायर २९ बाय ४.४० म्हणून विकला जायचा. जुन्या हिशेबाने २९ वजा ८.८०, म्हणजे २०.२ इंची रिम यायला हवी. प्रत्यक्षात रिम होती २१ची. बाहेरची उंची हा आकडा आता नावापुरता राहिला होता. मग शहाणपण सुचलं आणि तोच टायर ४.४०-२१ असा लिहू लागले. आधी जाडी, मग रिम. आमचा पाच-वीस चौदा याच घराण्यातला.

या नव्या पद्धतीत रिम मिळाली, पण उंची गेली. कारण टायरचा आडवा छेद जवळपास गोल होता, जाडी कळली की उंची कळलीच. शंभर टक्के हा डिफॉल्ट होता आणि कोणालाही तो सांगावा लागत नव्हता.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत टायर हळूहळू बुटका होत गेला. बुटका टायर वळणावर कमी झुलतो, गाडी घट्ट वाटते. ९५ टक्के झाले, मग नव्वदीच्या खाली गेले. पण लिहायची पद्धत तीच राहिली. म्हणजे डेटाचा अर्थ बदलला आणि फॉरमॅट तसाच राहिला. एकच आकडा छापलेले दोन वेगवेगळ्या दशकांतले टायर उंचीला वेगळे निघू शकतात. आमच्याकडे अशा प्रकाराला बग म्हणतात, आणि तो सापडतो नेहमी शुक्रवारी संध्याकाळी.

मग येतो रेडियल. जुन्या टायरच्या आत दोऱ्यांचे थर तिरके असतात, एक थर या बाजूला, दुसरा त्या बाजूला, एकमेकांना छेद देत. त्याला क्रॉसप्लाय म्हणतात, आपल्याकडे दुकानात नुसतं नायलॉन म्हणतात. रेडियलमध्ये दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पोलादी तारांचा पट्टा असतो. मिशेलिनने १९४६मध्ये याचं पेटंट घेतलं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो मारियुस मिन्योल कंपनीत आधी छापखान्यात काम करायचा. बीटेक वगैरे काही नाही. १९४९मध्ये हा टायर मिशेलिन एक्स या नावाने बाजारात आला.

सिट्रोएन कंपनी तेव्हा मिशेलिनच्याच ताब्यात होती, त्यामुळे त्यांच्या गाड्यांना हे टायर लागले. आणि फ्रान्स म्हटल्यावर रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये! सिट्रोएन ट्रॅक्शन अवांचा टायर १६५-४००. ४०० मिलिमीटर म्हणजे १५.७५ इंच. १५ इंची टायर त्यावर चढत नाही. १६ इंची टायर, म्हणजे ४०६.४ मिलिमीटरचा, चढेल असं वाटतं आणि तिथेच धोका आहे. सहा मिलिमीटर सैल टायर रिमला घट्ट धरून बसणारच नाही. ही गाडी असेल तर १६५-४००च शोधायचा, आणि मिशेलिन तो आजही बनवते.

बाकी युरोपात तडजोड झाली. रेडियलमुळे रुंदी मिलिमीटरमध्ये आली, रिम मात्र इंचांतच राहिली, कारण रिम बनवणारे कारखाने तसेच होते. १६५ आर १५ अशी साइझ तेव्हापासूनची. त्यात टक्के नाहीत, कारण तेव्हाचे रेडियल साधारण ८०-८२ टक्क्यांचेच असायचे. माझ्या स्क्रिप्टमधला ८० इथून आलेला. रेडियलसाठी तो बरोबर होता. मी तो आधीच्या पिढीच्या टायरला लावला.

साठच्या दशकाच्या शेवटी वेगवान गाड्यांसाठी ७० टक्क्यांचे टायर निघाले, आणि आता गप्प बसून चालेना. टक्के छापावेच लागले. १८५/७० असं तिरकी रेघ मारून. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मिशेलिनने पुन्हा एकदा सगळं मिलिमीटरमध्ये आणायचा प्रयत्न केला, टीआरएक्स नावाने, ३९० मिलिमीटरच्या रिमवर. बीएमडब्ल्यूने ते घेतलं, आणखी काहींनी घेतलं. पण जग इंचाच्या रिमवरून हललं नाही. आज तशी गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे दोनच वाटा: ते दुर्मीळ टायर शोधा, नाहीतर रिमच बदला.

आता आपल्याकडे या. फियाटने इटलीत ११००-१०३ हे मॉडेल काढलं १९५३मध्ये. त्याला टायर होता ५.२०-१४. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवायला घेतली. १९६४ला ११०० डिलाइट आली, पुढे तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४पासून पद्मिनी. इटलीत ११००चं उत्पादन १९६९मध्ये थांबलं. कुर्ल्यात ते दोन हजार सालाच्या आसपासपर्यंत चालू राहिलं. बंद बाजार, लायसन्स, नव्या गाडीला परवानगी नाही, हे सगळं तुम्ही शाळेत वाचलंय. टायरच्या बाजूने त्याचा अर्थ असा की १९५३चं माप आपल्या रस्त्यांवर पुढची पन्नास वर्षं जिवंत राहिलं. मुंबईतल्या हजारो काळ्यापिवळ्या टॅक्सी याच मापावर धावल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत झाली होती, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही.

एक गंमत सांगतो, विषय सोडून. फियाटमधला शेवटचा ट म्हणजे तोरिनो, इटलीतलं ट्यूरिन शहर. सिएटमधला शेवटचा टसुद्धा तोरिनोच. दोन्ही कंपन्या मूळच्या एकाच गावच्या. सिएट १९५८मध्ये टाटांच्या सोबतीने इथे आली आणि कारखाना काढला भांडुपला. ट्यूरिनची गाडी कुर्ल्याला, ट्यूरिनचा टायर भांडुपला, मध्ये सेंट्रल लाइनची चार-पाच स्टेशनं. मी कॉलेजला जाताना रोज ही दोन्ही स्टेशनं ओलांडायचो आणि मला पत्ता नव्हता.

तर परत मामांच्या गाडीकडे. माझ्या बुटक्या टायरमुळे चाक एका किलोमीटरला साधारण ५२२ऐवजी ५५८ वेळा फिरत होतं. मीटर बिचारा चाकाचे फेरे मोजतो, त्याला काय माहीत चाक लहान झालंय. म्हणून २३५चे २५१ झाले. खरा वेग ६० असताना काटा ६४ दाखवत होता. इंजिन तेवढंच जास्त फिरत होतं, म्हणून घाटात ते किंचाळत होतं. आणि गाडीचं पोट वीस मिलिमीटर खाली आलं होतं. कोकणातले स्पीडब्रेकर वीस मिलिमीटरची माफी देत नाहीत.

परत आल्यावर मी टायरच्या दुकानात गेलो. नाव नको. तिथे पाच-वीस चौदाचे दोन टायर होते. दुकानदार म्हणाला, "हे दोन मागे टाका, तुमचे रेडियल पुढे राहू द्या. मागचे चाक उंच झाले की गाडी पण उचलली जाईल." मामा तयार होते, पैसे वाचत होते. मी नको म्हटलं, आणि या एका गोष्टीसाठी हा एपिसोड लक्षात ठेवलात तरी चालेल. रेडियल आणि नायलॉन यांची पकड वेगळी असते. वळणावर रेडियल कमी घसरून रस्ता धरतो, नायलॉन आधी सरकतो. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असेल तर पुढचं चाक वळतं, मागचं आधी सुटतं आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. पावसात, कशेडीच्या वळणावर, समोरून एसटी. एका ॲक्सलवर तर दोन प्रकार कधीच नाही. आणि अगदी नाइलाजाने मिसळायचेच झाले तर रेडियल मागे, पुढे नाही. दुकानदाराने बरोबर उलटं सांगितलं होतं.

शिवाय मी मोबाइलचा टॉर्च मारून त्या टायरची तारीख वाचली. २०००पासून टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे होतं १४१२. २०१२चा चौदावा आठवडा. टायर नवा, न वापरलेला, केसही शाबूत, पण रबर म्हातारं. कडेला बारीक भेगा होत्या. जुन्या मापाच्या टायरचं हेच दुखणं आहे, खप कमी म्हणून माल पडून राहतो. माप बरोबर असलं तरी तारीख वाचल्याशिवाय घेऊ नका.

मग काय घेतलं? उंची ६१०च्या जवळची हवी, रिम १४. हिशेबाने १५५/८० आर १४ सगळ्यात जवळचा, ६०४ मिलिमीटर. तो आम्हाला मिळाला नाही. पुढचा १६५/८० आर १४, उंची ६२०. मूळच्यापेक्षा दीड टक्का जास्त. हे माप काही वर्षं स्विफ्टला होतं, त्यामुळे ताज्या तारखेचा सहज मिळतो. पण तो रुंद आहे, १३२च्या जागी १६५. म्हणून या वेळी स्क्रिप्टवर विश्वास न ठेवता आधी टेप घेतली. रिमची आतली रुंदी मोजली आणि टायर कंपनीच्या तक्त्याशी ताडली. बसते, पण काठावर. एकच टायर चढवून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, मामा, मामी, मी आणि शेजारचे काका असे चौघं गाडीत बसलो, आणि मडगार्डमध्ये बोटं घालून बघितली. घासत नाही. मग बाकीचे तीन. आत ट्यूब ठेवल्या, रेडियलच्या. कारण जुन्या रिमला आतून तो उंचवटा नसतो जो ट्यूबलेस टायरची कड हवा कमी झाल्यावर जागेवर धरून ठेवतो. स्टेपनीही तीच घेतली, कारण आता डिकीतला जुना नायलॉन वेळेला कामाचा नव्हता.

स्टेअरिंग जागेवर वळवताना थोडं जड लागतं. मामांची तक्रार आहे, आणि ती बरोबर आहे. पॉवर स्टेअरिंग नाही आणि रबर आधीपेक्षा जास्त टेकतंय. ताजे पाच-वीस चौदा पाच मिळाले असते तर मी तेच घेतले असते. गाडी त्याच मापावर बेतलेली आहे, स्टेअरिंग, स्प्रिंगा, सगळं. हे माझं मत, तुम्हाला रेडियल आवडत असतील तर भांडण नाही.

दिवाळीत पुन्हा गावी गेलो. मामांनी अंगणात गाडी लावली, चष्मा चढवला. २३१. वहीत लिहून माझ्याकडे बघत म्हणाले, "आता गाव जवळ आलं वाटतं."

ते चार १६५/६५ आर १४ अजून आमच्या बाल्कनीत आहेत, पाचशे किलोमीटरसुद्धा चाललेले नाहीत. कोणाला हवे असतील तर मेसेज करा. फक्त गाडी कुठली आहे ते आधी सांगा.